युरोपात बाईकवरून सीमा ओलांडताना विम्याचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आल्प्समधले घाट अजून बर्फाखाली असतात तेव्हापासूनच हे प्रश्न यायला लागतात. पुण्यातून कुणी स्वतःची गाडी युरोपात पाठवणार असतं. ठाण्याचं एखादं जोडपं म्युनिकला गाडी भाड्याने घेऊन दहा दिवसांत पाच देश करणार असतं. आइंडहोव्हनला नोकरी करणाऱ्या कुणाला तिथल्याच स्वतःच्या गाडीवर अल्बानियापर्यंत जायचं असतं. तिघांचा प्रश्न शब्दशः सारखा: "विम्याचं काय करायचं?" उत्तरं मात्र तीन. त्यामुळे मी उलट एकच विचारतो, गाडीला नंबरप्लेट कुठल्या देशाची आहे? पासपोर्ट कुठला, हे नंतर बघू.

१. महिनाभरच तर फिरायचंय. विमा काढलाच पाहिजे का?

काढलाच पाहिजे, एका दिवसासाठीसुद्धा. युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या मोटारगाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्यातून दुचाकी सुटत नाही. विमा नसलेली गाडी सापडली तर पोलीस ती जागेवर अडकवून ठेवू शकतात. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर तिथला हमी निधी जखमी माणसाला भरपाई देऊन मोकळा होतो आणि मग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायला मागे लागतो.

ती रक्कम केवढी असू शकते याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. भारतात दुचाकीच्या थर्ड पार्टी विम्यात समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा १ लाख रुपये. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे किमान मर्यादा एका अपघातामागे मालमत्तेसाठी १३ लाख युरो आणि जखमींसाठी ६४ लाख ५० हजार युरो (किंवा प्रत्येक जखमीमागे १३ लाख युरो) अशी आहे. हे किमान आकडे झाले. जर्मनीत तर १० कोटी युरोपर्यंतचं संरक्षण देणाऱ्या पॉलिसी सर्रास मिळतात.

२. ग्रीन कार्ड, ग्रीन कार्ड म्हणतात ते नेमकं काय?

अमेरिकेतलं नव्हे. 'या गाडीला थर्ड पार्टी विमा आहे आणि तो पुढील देशांत चालतो' असं सांगणारा हा आंतरराष्ट्रीय दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात गाड्यांची ये-जा वाढली, तेव्हा प्रत्येक सीमेवर नवा विमा काढायची कटकट नको म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आयोगाच्या पुढाकाराने ही व्यवस्था उभी राहिली आणि १९५३ पासून चालू झाली. प्रत्येक सदस्य देशात एक ब्युरो असतो. परदेशी गाडीने अपघात केला की स्थानिक ब्युरो भरपाईचं बघतो आणि नंतर तिच्या देशाच्या ब्युरोकडून हिशेब चुकता करून घेतो. या सगळ्यांची मध्यवर्ती संस्था ब्रसेल्सला आहे.

कार्ड हिरव्या कागदावर असायचं म्हणून हे नाव. २०२० पासून साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलंही चालतं, त्यामुळे 'कंपनीने पांढरं कार्ड पाठवलंय, बनावट तर नाही ना?' ही काळजी सोडा. बनावट आहे का हे रंगावरून कळत नाही. त्यावर गाडीचा नंबर, तारखा आणि देशांचे चौकोन नीट आहेत का ते बघा.

३. मित्र म्हणतो सीमेवर कुणी काही विचारतच नाही. मग कार्ड कशाला?

मित्र खरं सांगतोय, पण त्याच्या गाडीपुरतं. त्याची गाडी बहुधा युरोपीय नंबरची असणार. युरोपीय आर्थिक क्षेत्रातले देश (म्हणजे युरोपीय संघ आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन), स्वित्झर्लंड, ब्रिटन, अँडोरा, सर्बिया, बोस्निया आणि माँटेनेग्रो यांच्यात असा करार आहे की गाडीची नंबरप्लेट हाच विम्याचा पुरावा मानायचा. जर्मन प्लेट दिसली की गाडीला विमा आहे असंच गृहीत धरलं जातं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या गाड्यांना काही महिने कार्ड बाळगावं लागलं, पण ऑगस्ट २०२१ पासून तीही अट गेली.

एमएच १२ दिसल्यावर मात्र असं काही गृहीत धरलं जात नाही. भारत या व्यवस्थेचा भागच नाही. ती गोष्ट प्रश्न ५ आणि ६ मध्ये.

४. मग कार्ड कुठे लागतंच?

युरोपीय नंबरची गाडी घेऊन अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, तुर्कस्तान, मोल्दोव्हा, युक्रेन, मोरोक्को किंवा ट्युनिशियात जाणार असाल तर कार्ड हातात हवं. फोनमधली प्रत काही ठिकाणी चालते, तरी मी छापील प्रतच नेतो. पावसात, हातमोजे घातलेल्या हाताने फोनमधली फाइल शोधणं हा काही सीमेवर करण्याचा उद्योग नव्हे.

कार्डावर देशांच्या संक्षेपांचे छोटे चौकोन असतात. ज्यावर फुली मारलेली असते त्या देशात तुमचा विमा चालत नाही. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माँटेनेग्रोतून अल्बानियात शिरताना हानी ई होतितच्या नाक्यावर मी ऐटीत कार्ड पुढे केलं. शिपायाने 'एएल' या चौकोनावर बोट ठेवलं. त्यावर फुली होती, आणि कार्ड चार महिने माझ्या टपालाच्या ढिगात पडून होतं. शेवटी नाक्यावरच्या खिडकीत तेवढ्यापुरता विमा विकत घेतला. एक तास, थोडे युरो आणि बरीचशी ऐट गेली. घरून कंपनीला एक ईमेल केला असता तर बहुतेक वेळा फुकटात सुधारित कार्ड मिळतं.

५. माझी भारतातली पॉलिसी आहे. थोडा जास्त हप्ता भरून ती युरोपसाठी वाढवता येईल का?

नाही. भारतीय मोटार पॉलिसीचं कार्यक्षेत्र भारत. जादा हप्ता भरून ते नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव इतक्या देशांपुरतं वाढवता येतं. एजंट 'परदेशासाठी एक्स्टेन्शन मिळतं' म्हणतो ते याच यादीबद्दल, तेव्हा त्याला देशाचं नाव घेऊन विचारा.

तरीही गाडी युरोपात असताना भारतातली पॉलिसी मरू देऊ नका. मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस जातो, आणि गाडी परत आल्यावर बंदरातून घरी आणायलाही विमा लागतोच.

६. मग एमएच नंबरच्या गाडीसाठी नक्की काय काढायचं?

फ्रंटियर इन्शुरन्स, म्हणजे सीमा विमा. ग्रीन कार्ड व्यवस्थेबाहेरच्या देशांतल्या गाड्यांसाठीच हा प्रकार आहे. युरोपीय संघाचा नियमच आहे की तिसऱ्या, म्हणजे संघाबाहेरच्या, देशातली गाडी आत येताना तिच्याकडे वैध ग्रीन कार्ड किंवा सीमा विमा हवा. एका देशात काढलेला हा विमा संपूर्ण युरोपीय आर्थिक क्षेत्रात चालतो. स्वित्झर्लंड बहुतेक पॉलिसींत धरलेलं असतं, तरी कागदावर नाव वाचून घ्या. तुमचा जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनिया, क्रोएशिया असा मार्ग असेल तर एवढा एकच कागद पुरतो.

मुदत काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत घेता येते. घेताना तीन गोष्टी बघा. चासी नंबर आरसी बुकाप्रमाणे अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. गाडी खासगी वापराची दुचाकी म्हणून नोंदलेली हवी. आणि सुरुवातीची तारीख गाडी कस्टममधून सुटण्याच्या दिवसाची हवी, तुमचं विमान उतरण्याच्या दिवसाची नको. गाडी गोदामात चार-पाच दिवस अडकणं नेहमीचंच आहे. तेवढे दिवस पॉलिसीतून फुकट जातात आणि नेमके शेवटी कमी पडतात.

हा फक्त थर्ड पार्टी विमा आहे. तुमच्या गाडीला किंवा तुम्हाला काही झालं तर यातून छदाम मिळत नाही (प्रश्न ९ आणि १०). ब्रिटन यात येत नाही. तिथे जायचं तर ब्रिटनचा विमा वेगळा काढावा लागतो. परदेशी नंबरच्या दुचाकीला तो देणारे मोजकेच असतात, तेव्हा फेरीबोटीचं तिकीट काढण्याआधी दलालाकडून लेखी होकार घ्या. बोस्निया, सर्बिया, अल्बानिया, तुर्कस्तान हेही बाहेरच. तिथे प्रत्येक देशाच्या नाक्यावर वेगळा विमा घ्यायचा.

७. आम्ही इराण-तुर्कस्तानमार्गे रस्त्यानेच येतोय. विमा बल्गेरियाच्या नाक्यावर घेतला तर चालेल ना?

तिथे गाठ पडेल ती कापितान आंद्रेएवोच्या नाक्याशी. युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या जमिनीवरच्या नाक्यांपैकी तो एक. नाक्यावर विमा मिळतो, आणि अनेक जण तसंच करतात. पण पहाटे तीन वाजता खिडकी उघडी असेल, दुचाकीचा विमा त्यांच्याकडे असेल आणि समोरचा देईल तो कागद सगळ्या युरोपीय संघात चालणारा असेल, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. नियम काहीही म्हणो, फक्त बल्गेरियापुरता कागद हातात पडला तर रोमेनियाच्या हद्दीत तुम्ही विनाविमा ठरता. आणि १ जानेवारी २०२५ पासून दोन्ही देश पूर्णपणे शेंगेनमध्ये (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय क्षेत्रात) आल्यामुळे मधल्या सीमेवर 'तुमचा विमा इथे चालत नाही' असं सांगणारं कुणी भेटेलच असंही नाही.

मी आधी ऑनलाइन काढून, छापून, खोगीरपिशवीत टाकून ठेवायच्या मताचा आहे. तुर्कस्तानात शिरताना मात्र तिथला ट्रॅफिक विमा नाक्यावरच घ्यावा लागतो.

८. कार्नेट काढलंय, त्यासाठी भली मोठी रक्कमही अडकवलीय. त्यात विमा येतो ना?

येत नाही. कार्नेट ही कस्टमला दिलेली हमी आहे की गाडी तिथे विकणार नाही, परत नेईन. भारतात ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं. इराण, पाकिस्तानसारख्या देशांसाठी लागतं. गंमत अशी की युरोपीय संघात कार्नेट लागतच नाही. बाहेरच्या रहिवाशाला बाहेरच्या नंबरची गाडी सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती आणता येते. थेट विमानाने जर्मनीत गाडी उतरवून तिथूनच परत पाठवणार असाल, तर ज्याने तुम्हाला कार्नेट अनिवार्य आहे असं सांगितलं त्याला एकदा कारण विचारा.

९. व्हिसासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतलाय. तो पुरेसा नाही का?

सर्वाधिक वेळा आलेला आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटणारा प्रश्न हाच. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. तो माणसाचा विमा आहे, गाडीशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे प्रश्न १ मधली सक्ती त्याने पूर्ण होत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. तुम्ही बाईकवरून पडलात आणि पाय मोडला, तर थर्ड पार्टी विमा तुम्हाला काही देत नाही, कारण चालवणारे तुम्हीच. तेव्हा आधार फक्त या ट्रॅव्हल पॉलिसीचा. आणि नेमक्या याच पॉलिसींत बारीक अक्षरात दुचाकीबद्दल अटी असतात. कुठे अमुक सीसीच्या वरची गाडी वगळलेली, कुठे दुचाकी फक्त प्रवासी म्हणून बसण्यापुरती मान्य, कुठे 'साहसी खेळ' या सदरात ढकललेली. परवाना वैध नसला किंवा हेल्मेट नसलं तर बहुतेक ठिकाणी क्लेम नाकारतात. व्हिसा देणारा अधिकारी रक्कम आणि तारखा बघतो, या अटी बघत नाही. त्या तुम्हालाच वाचायच्या आहेत.

एजंटला फोनवर विचारू नका, ईमेल करा. 'माझी गाडी इतक्या सीसीची आहे, मी ती स्वतः चालवणार आहे, अपघात झाल्यास रुग्णालयाचा खर्च, डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका आणि मायदेशी परत आणणं हे तिन्ही धरलंय का?' आणि उत्तर लेखी घ्या. घाटात पडलेल्या माणसाला उचलायला तिथे हेलिकॉप्टर येणं ही काही सिनेमातली गोष्ट नाही, आणि त्याचं बिलही येऊ शकतं. ३० हजार युरो ऐकायला भरपूर वाटतात. एक मोठी शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातले काही दिवस आणि स्ट्रेचरवरून भारतात परत, एवढ्यात ते संपू शकतात. बाईकवर जाणाऱ्याने व्हिसापुरती पॉलिसी घेऊ नये, मोठी घ्यावी. बाकी कुठे काटकसर करायची ती करा.

१०. माझ्या गाडीची चोरी झाली किंवा मीच पडून ती मोडली तर?

आपण ज्याला 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतो ते इथे वेगळं घ्यावं लागतं. युरोपीय नंबरच्या गाडीला ते मिळतं. जर्मनीत टाइलकास्को म्हणजे चोरी, आग, वादळ वगैरे आणि फोलकास्को म्हणजे स्वतःच्या चुकीने झालेलं नुकसानसुद्धा. मात्र ग्रीन कार्डावर एखादा देश आहे म्हणून कास्कोही तिथे चालेल असं धरून चालू नका. बऱ्याच पॉलिसींत कास्को भौगोलिक युरोपपुरतं असतं, म्हणजे इस्तंबूलचा पूल ओलांडून आशियात शिरलात की थर्ड पार्टी चालू आणि चोरीचा विमा बंद.

भारतीय नंबरच्या गाडीला युरोपात असं संरक्षण मिळणं फार अवघड. चांगली साखळी, डिस्क लॉक आणि रात्री बंद आवारातली जागा हाच विमा समजा. पाठवतानाच्या नुकसानीसाठी कार्गो विमा असतो, तो माल पाठवणाऱ्या एजंटकडून काढून घ्या.

११. गाडी भाड्याने घेणार आहोत. मग तर सगळं त्यांच्याकडेच ना?

थर्ड पार्टी त्यांच्याकडे, कागदपत्रंही तेच देतात. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, कोणत्या देशांत न्यायला परवानगी आहे? विमा चालतो आणि मालक नेऊ देतो या दोन वेगळ्या गोष्टी. पूर्वेकडचे देश करारात अनेकदा वगळलेले असतात, आणि परवानगी नसलेल्या देशात गाडी मोडली तर पूर्ण किंमत तुमच्या बोकांडी. दुसरी, नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमची? ही स्वतः सोसायची रक्कम हजार-दीड हजार युरो सहज असते आणि तेवढे पैसे क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा आधीच तपासा, नाहीतर काउंटरवर तोंडचं पाणी पळतं. तिसरी, करारात चालवणारा म्हणून कुणाचं नाव आहे? दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दोघांची नावं हवीत.

गाडी घेताना सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. आरशाच्या कडा, सायलेन्सर आणि लिव्हरची टोकं विसरू नका. परत करताना भांडण नेमकं तिथेच होतं.

१२. क्रोएशियातून डुब्रोव्हनिकला जाताना मध्ये बोस्निया लागतो म्हणे. त्यासाठी वेगळा विमा?

आता तो टाळता येतो. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर नेउम इथे साधारण ९ किलोमीटरचा पट्टा बोस्नियाचा आहे आणि पूर्वी तो ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हतं. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल खुला झाला आणि क्रोएशियातल्या क्रोएशियात डुब्रोव्हनिकला पोचता यायला लागलं. भाड्याच्या गाडीला बोस्नियाची परवानगी नसेल किंवा तुमच्याकडे फक्त युरोपीय संघाचा सीमा विमा असेल, तर पूलच घ्या. नेव्हिगेशन जुन्या रस्त्याने नेत नाही ना, एवढं बघा. ज्यांची गाडी युरोपीय नंबरची आणि स्वतःची आहे त्यांना दोन्ही रस्ते मोकळे.

१३. मागे बायको बसणार. तिचं काय?

डबलसीट बसलेली व्यक्ती थर्ड पार्टीत धरली जाते. युरोपीय नियमाप्रमाणे चालवणारा सोडून सगळे प्रवासी संरक्षित आहेत, घरचेसुद्धा. म्हणजे तुमच्या चुकीने गाडी घसरली तर तिला भरपाई मिळू शकते, तुम्हाला नाही. ट्रॅव्हल पॉलिसी मात्र दोघांचीही प्रश्न ९ च्या कसोटीवर तपासा.

१४. स्टुटगार्टच्या मित्राची गाडी घेऊन इटलीला जाऊ का? तो स्वतः येणार नाही.

जाता येतं. युरोपच्या मुख्य भूमीवर विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. मित्राने कंपनीला 'मी एकटाच चालवतो' असं सांगून हप्ता कमी करून घेतला असेल तर आधी तुमचं नाव घालायला सांगा. नाहीतर समोरच्याला भरपाई मिळेल, पण कंपनी मित्राला दंड लावेल आणि पुढची मैत्री तुम्ही सांभाळा. मालकाचं सहीचं अधिकारपत्र आणि गाडीच्या नोंदणीचा मूळ कागद जवळ ठेवा.

ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे विमा नावानिशी चालवणाऱ्याचा असतो. लंडनच्या चुलतभावाची गाडी त्याच्या पॉलिसीत नाव नसताना घेतलीत तर तुम्ही विनाविमा.

१५. मी ब्रिटनमध्ये राहतो, कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे. फ्रान्समध्ये तीच चालेल?

थर्ड पार्टीपुरती नक्की चालेल. कॉम्प्रिहेन्सिव्हचा बाकी भाग परदेशात आपोआप किमान पातळीवर उतरतो का, आणि वर्षाला किती दिवस परदेशी मुभा आहे (३०, ६०, ९० असे आकडे दिसतात), हे पॉलिसीत शोधा. गाडीवर 'जीबी' लिहिलेलं जुनं स्टिकर असेल तर ते सप्टेंबर २०२१ पासून बाद आहे, आता 'यूके' लागतं.

१६. जर्मनीतल्या प्लेटचे प्रकार फार आहेत. कुठली प्लेट सीमेपलीकडे चालते?

साधी प्लेट चालते. हंगामी प्लेटवर उजवीकडे दोन महिन्यांचे आकडे असतात, समजा ०४ आणि १०. तेवढ्या महिन्यांबाहेर गाडी रस्त्यावर चालवायची तर नाहीच, सार्वजनिक जागी उभीही करायची नाही. ३१ ऑक्टोबरला तुम्ही अजून सिसिलीतच असाल तर १ नोव्हेंबरला तिथे अडकलात.

गाडी विकत घेऊन बाहेर न्यायची असेल तर निर्यात प्लेट घ्या. तिच्यावर लाल पट्टीत मुदतीची तारीख असते आणि त्या तारखेपर्यंतचा विमा सोबत येतो. पाच दिवसांची पिवळ्या पट्टीची अल्पमुदती प्लेट स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तिला जर्मनीबाहेर सगळीकडे मान्यता नाही.

१७. भाऊ भारतातून त्याची बुलेट घेऊन येतोय. मी म्युनिकला राहतो. दोन दिवस मी चालवली तर?

नको. इथे विमा आडवा येत नाही, कस्टम येतं. तात्पुरत्या आयातीची सवलत (प्रश्न ८) युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या माणसासाठी आहे. इथल्या रहिवाशाने ती गाडी चालवली की ती आयात झाली असं धरून कर मागितला जाऊ शकतो. फारच मोह होत असेल तर भावाच्या मागे डबलसीट बसा.

१८. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आहे. त्याचा विम्याशी संबंध काय?

थेट संबंध. परवाना वैध नसेल तर कंपनी समोरच्याला भरपाई देऊन नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे. हातात पडताच त्यावर मोटरसायकलच्या वर्गावर शिक्का आहे का ते आरटीओच्या आवारातच बघा. फक्त चारचाकीवर शिक्का मारलेली पुस्तिका घेऊन लोक विमानतळापर्यंत गेलेले आहेत. हेल्मेटही युरोपीय 'ईसीई' मानकाचं घ्या. नुसता आयएसआय शिक्का तिथे सगळीकडे चालत नाही.

१९. अपघात झालाच तर त्या क्षणी काय करायचं?

११२ हा आपत्कालीन क्रमांक युरोपीय संघात सगळीकडे चालतो. कुणी जखमी असेल तर पोलीस हवेतच.

किरकोळ धडक असेल तर युरोपीय अपघात अहवालाचा छापील फॉर्म भरतात. त्याची मांडणी सगळ्या भाषांत तीच असते, एक गाडी निळ्या रकान्यात, दुसरी पिवळ्या. म्हणून मराठी माणसाने इंग्रजी प्रत समोर ठेवून फ्रेंच फॉर्म भरला तरी कुठल्या ओळीत काय लिहायचं ते कळतं. दोघांनी सही करायची आणि एकेक प्रत घ्यायची. पण समोरचा आपल्या भाषेत शेरा लिहून 'सही करा, काही नाही' म्हणाला तर थांबा. फ्रान्समध्ये या फॉर्मवर सही केल्यावर शब्द फिरवणं फार जड जातं. शेरा कळला नाही तर सही करू नका, पोलिसांना बोलवा आणि फोटो काढा.

२०. चूक समोरच्याची असेल तर भरपाई भारतात परतल्यावर मागता येते?

मागता येते, पण त्याच्या विमा कंपनीकडे, आणि सहसा अपघात झाला त्या देशाच्या कायद्याने. युरोपीय संघातल्या रहिवाशाला एक सोय आहे. समोरच्या कंपनीचा प्रतिनिधी त्याच्या स्वतःच्या देशात असतो आणि तीन महिन्यांत उत्तर देणं बंधनकारक असतं. भारतात राहणाऱ्याला ही सोय नाही. म्हणून निघण्याआधी कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, पोलीस नोंदीचा क्रमांक आणि रुग्णालयाची मूळ बिलं हाताशी हवीत.

२१. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंग या रेस ट्रॅकवर एक फेरी मारायचीय. विमा लागू होतो?

२०२४ पर्यंत पर्यटकांसाठीच्या वेळेत तिथल्या नॉर्डश्लाइफ या लांब ट्रॅकवर पैसे भरून कुणीही बाईक घालू शकत होता आणि वाहतुकीचे नियमही लागू असायचे. २०२५ पासून त्या वेळेत बाईकला तिथे बंदी आहे. शिवाय अनेक पॉलिसींत या ट्रॅकचा अपवाद स्पष्ट लिहिलेला असतो, भाड्याच्या करारात तर जवळपास नेहमीच. पडलात तर मोडलेल्या कठड्याचं बिलही तुमच्या नावे येतं.

२२. कोसोव्हो, उत्तर सायप्रस, मोनॅको अशा ठिकाणांचं काय?

मोनॅको फ्रान्सबरोबर, सान मरिनो आणि व्हॅटिकन इटलीबरोबर, लिख्टेनश्टाइन स्वित्झर्लंडबरोबर धरलं जातं. कोसोव्हो ग्रीन कार्ड व्यवस्थेत नाही, त्यामुळे कार्डावर सर्बिया असला तरी नाक्यावर वेगळा विमा घ्यावा लागतो. उत्तर सायप्रसचंही तसंच.

२३. गाडी प्रवासात पडून चेपलीय. सीमेवर अडवतात का?

सर्बिया, माँटेनेग्रोसारख्या देशांतून बाहेर पडताना ठळक चेपलेली गाडी दिसली तर पोलिसांचा दाखला मागतात. कुणाला धडकून पळ काढत नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. त्या देशात असताना पडलात तर दाखला घेऊनच निघा. आधीपासून चेपलेली असेल तर आत शिरतानाच अधिकाऱ्याला दाखवून नोंद करून घ्या. विमानातून उतरतानाच टाकीला पोचा आलेल्या भारतीय गाड्यांना हे हमखास लागू पडतं.

२४. मागे 'आयएनडी' स्टिकर लावायलाच हवं का?

हवं. अंडाकृती, पांढऱ्यावर काळी अक्षरं. पुण्या-मुंबईत कुठल्याही रेडियमवाल्याकडे करून मिळतं. दोन करून घ्या, पहिलं पावसात सुटतं.